त्या दिवशी मी बाहेर नव्हते

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. मुलीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या गोष्टीपाशी आले की मी दुसरंच काही मागायला लागते — पाऊस येऊ दे, पोरांना बरं ठेव. म्हणजे देवालाही नाहीच. कागदावर पहिल्यांदा लिहिते आहे. चौथीपर्यंत आश्रमशाळेत होते, त्यानंतर सहीपुरताच पेन धरला. म्हणून सावकाश लिहीन. तू कोण आहेस मला माहीत नाही. बाई असशील असं धरून चालते, म्हणजे लिहायला थोडं सोपं जाईल.

कुठून सुरू करू? लाजेपासून करते. लाज आधी आली. दुसरं नंतर.

मुलगा झाला तेव्हा दीड दिवस कळा होत्या. पहिली मुलगी सहज झाली होती, म्हणून घरीच होईल असं सगळ्यांना वाटलं. झालं नाही. शेवटी ट्रॅक्टरमध्ये गवत टाकून मला एटापल्लीच्या दवाखान्यात नेलं. बाळाचं डोकं मोठं होतं. खाली फाटलं, टाके पडले. मुलगा चांगला निघाला, मीही जगले, मग अजून काय पाहिजे? महिन्याभरात मी परत कामाला लागले. पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, डोक्यावर घेताना पहिल्यांदा ते झालं — मांडीवरून गरम धार. मला वाटलं गुंड फुटला. वर हात लावून पाहिलं. गुंड चांगला होता.

मग ते रोजचं झालं. खोकलं की. शिंकलं की. मोहफुलं वेचून टोपली घेऊन उठलं की. हसलं की — हे सगळ्यात वाईट. मी हसणं कमी केलं. खाली काहीतरी उतरून आल्यासारखं, ओझं लटकल्यासारखं वाटायचं, संध्याकाळ झाली की जास्तच. मी पाणी पिणं कमी केलं. जुन्या लुगड्याची फडकी करून लावायची, ती भिजली की दुसरी. जिथे जायचं तिथे आधी झुडूप कुठे आहे ते पाहून ठेवायचं. रोवणीचे दिवस मला फार आवडायचे. भाताच्या बांधीत गुडघाभर चिखलात सगळ्याच बाया कंबरेपर्यंत ओल्या असतात, कोण कशाने ओली ते कोण पाहतं?

कुणाला सांगितलं का नाही — हे तू विचारशील. माझ्या माहेरच्या गावात एक बाई होती. तिलाही असंच होतं, माझ्यापेक्षा जास्त. उन्हाळ्यात नाला आटला की आम्ही रेतीत खड्डा करतो आणि त्यात हळूहळू पाणी पाझरतं, त्याला झिरा म्हणतात. गावातल्या पोरांनी तिचं नाव झिरा ठेवलं होतं. तिच्या नवऱ्याने तिला सोडलं, ती भावाच्या घरी मागच्या पडवीत राहायची. ती दिसली की आम्ही ओरडायचो — झिरा आली, झिरा आली, गुंड आणा! मीही ओरडायची. माझा आवाज मोठा होता तेव्हा.

आता आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावात पाळी आली की बाई घरात राहत नाही. गावाच्या कडेला एक झोपडी असते, तिला कुरमा म्हणतात. चार-पाच दिवस तिथे राहायचं. चूल शिवायची नाही, माणसाला शिवायचं नाही. घरचं कुणीतरी जेवण आणून कुंपणापाशी ठेवून जातं. यालाच आम्ही म्हणतो, ती बाहेर आहे. पुरुष तिकडे फिरकत नाहीत. आता मुली म्हणतात ही रीत वाईट आहे. पावसात झोपडी गळते, साप निघतात, त्यांचं खरं आहे.

पण मला कुरमा आवडायला लागला. आवडायला — हाच शब्द बरोबर आहे. तिथे ओझं उचलावं लागत नव्हतं. फडकी धुऊन मागच्या बाजूला वाळत घातली तरी कुणी विचारत नव्हतं, तिथे फडकी असणारच. तिथे मी पोटभर पाणी प्यायची. झोपडीत दुसरी कुणी नसली की मी पाळी नसतानाही जायला लागले. महिन्यात एकदा खरी, एकदा खोटी. घरी मी म्हणायची, पुन्हा आली, अंगावर जास्त जातं माझ्या. नवरा भोळा आहे. तो कधी काही म्हणाला नाही.

खोटं बोलले, हे तर झालंच. पण ते नाही. त्यासाठी मी पेन धरला नसता.

माझी सासू. मी तिला आत्या म्हणायची, कारण ती लांबच्या नात्याने माझ्या बापाची बहीणच होती. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भात गाळता येत नव्हता, तिने शिकवला. ती कमी बोलायची. बोलली की लोक हसायचे, ती स्वतः हसायची नाही. एका हिवाळ्यात धान मळताना खळ्यावर तिचा पाय घसरला आणि ती पडली ती उठलीच नाही. खुब्याचं हाड. दवाखान्यातून परत आणली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की या वयात आता सेवाच करा.

सेवा मी केली. हे सांगताना मला चांगलं वाटायला लागतं, म्हणून लवकर सांगते. तिचं सगळं खाटेवरच व्हायचं. ती फार लाजायची. स्वतःच्या मुलालाही खोलीत येऊ द्यायची नाही. मी फडकं बदलायला गेले की डोळे मिटून घ्यायची. मी काही बोलायचे नाही, तोंड वाकडं करायचे नाही — कसं करणार? मला तर ते माझंच वाटायचं. काही दिवसांनी ती डोळे उघडे ठेवायला लागली. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नव्हती. शेजारची एकदा मदतीला आली तर तिने लुगडं मुठीत धरून ठेवलं; मी खरीच बाहेर असले की तेवढे दिवस मात्र नाइलाजाने तिच्याकडून करून घ्यायची.

आणि मी काय केलं? तिची फडकी धुताना त्याच बादलीत माझीही टाकली. दोरीवर सगळी एकत्र वाळायची. कुणाला काय कळणार? त्या दोन महिन्यांत मला एकदाही कुरम्यात खोटं जावं लागलं नाही. आत्याच्या आजारपणात मला आराम मिळाला. असं लिहायला नको, पण तसंच होतं.

मग नणंद आली, चामोर्शीकडून, आईला पाहायला. ती मोठ्या आवाजाची, कामाला वाघीण, मनात काही ठेवत नाही. मला तेव्हा दहा दिवसांचा खोकला होता. खोकला म्हणजे माझ्यासाठी काय ते तुला आता कळतं. ती घरात शिरली, पिशवी ठेवली आणि नाकाला पदर लावला.

"वयनी, बुढीले रोज पुसते का सणावाराले? दारातच वास येऊन राह्यला."

आत्याचं मी नुकतंच बदललं होतं. ती कोरडी होती. ओली मी होते. दारात, नणंदेच्या समोर, मी उभी होते. आणि खाटेवरून आत्या म्हणाली, "माझाच वास हाये. या वयात काय अत्तराचा येईन?"

नणंद हसली. नवरा हसला. आत्याने माझ्याकडे पाहिलं — फार नाही, एवढंसं — आणि भिंतीकडे पाहायला लागली.

म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून? एकाच घरात राहणारी बाई, तिला दिवस मोजता येत नाहीत का? तिने मला कधी विचारलं नव्हतं. आणि त्या दिवशी तिने माझा वास स्वतःवर घेतला. एवढं माझ्यासाठी माझ्या आईनेही केलं नसतं. हे लक्षात ठेव. मी पुढे काय केलं ते यानंतरचं आहे.

दुसऱ्या दिवशी नणंदेने दोरीवरची फडकी काढली आणि मोठ्याने मोजली. "एकटी बुढी एवढे भिजवते? का अर्धं गाव मुतून जाते इथी?" मग म्हणाली, "तू थकली वयनी, उद्यापासून मीच धुईन."

ती प्रेमानेच म्हणाली. पण ती धुणार म्हणजे तिला कळणार. आत्याची फडकी जुन्या धोतराची होती, माझी हिरव्या लुगड्याची. ती एक दिवसात ओळखेल आणि तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. ती चामोर्शीच्या बाजारात सांगेल. मला रात्रभर तोच एक शब्द ऐकू येत होता — झिरा — पोरांच्या आवाजात, माझ्याही आवाजात. सकाळी मी नवऱ्याला सांगितलं, मी बाहेर आहे. माझी खरी पाळी आठ दिवसांपूर्वीच येऊन गेली होती. मी माझी फडकी पदराखाली घेतली आणि कुरम्यात जाऊन बसले.

आत्याला सांगून गेले नाही. तिच्या खाटेजवळून गेले, ती जागी होती. मी खाली पाहिलं.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी नवरा आला. कुंपणाच्या पलीकडे थांबला, तोंड दुसरीकडे करून, रीतीप्रमाणे.

म्हणाला, "आई कालपासून तुलेच बलावून राह्यली. ताईले हात लावू देऊन नाई राह्यली. कालची ओलीच पडून हाये. म्हणते, तिले काई झालं नाई, तिले आणा. दहा जणांसमोर म्हणून राह्यली. खरं काय वो?"

आता इथे थांबते थोडं.

तो विचारत होता. संशयाने नाही, त्याला खरंच हवं होतं की मी हो म्हणावं, आई बरोबर बोलते म्हणावं. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाज दिसत होता. मी काय काय म्हणू शकत होते बघ. म्हणू शकत होते, थांबलं आता, अंघोळ करून येते — कित्येक बायांचं दोन दिवसांत थांबतं, कुणी काही बोललं नसतं. म्हणू शकत होते, मला चुकून वाटलं. खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती. अजून एक लहानसं खोटं बोलले असते तरी चाललं असतं. घर तिथून किती लांब? आमचा कोंबडा आरवला की कुरम्यात ऐकू यायचा.

पण मला वाटलं, मी आता गेले तर नणंद विचारेल, बुढीला कसं कळलं? आत्या सांगेल. ओली पडली आहे, चिडली आहे, सगळं बोलून टाकेल. माझ्यासाठी जिने स्वतःवर घेतलं, तिच्याबद्दल मी हा विचार केला.

मी म्हणाले, "झालं हाये. खोटं कशाले बोलू?"

तो उभाच राहिला. गेला नाही. आणि तो जावा म्हणून मी पुढचं बोलले. हे ते आहे. हेच सांगायचं होतं.

मी म्हणाले, "आत्याचं डोकं ठिकाणावर नाई आता. तिचं काय आयकता."

तो "बरं" म्हणाला आणि गेला.

त्यानंतर मला कुणी बोलवायला आलं नाही. आत्या तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. मला रडण्याच्या आवाजावरून कळलं. तिला नेलं ती वाट कुरम्यावरूनच जाते. मी झोपडीच्या दारात उभी राहिले. बाहेरच्या बाईने मेलेल्या माणसाजवळ जायचं नसतं, म्हणून मी लांब उभी राहिले. बाया मागून चालत होत्या, माझ्याकडे पाहून डोळे पुसत होत्या. एक म्हणाली, "बिचारी, एवढं केलं, अन् शेवटचं तोंड पाहाले भेटलं नाई." मी ती दया घेतली. पदर तोंडाला लावला आणि घेतली. तेव्हा तरी धावले का? नाही. पाच दिवस पूर्ण केले. नियमाप्रमाणे.

सहाव्या दिवशी न्हाऊन घरी गेले. नणंद माझ्या गळ्यात पडली. ती खाट उचलून ठेवली होती, जागा सारवलेली होती. नणंद रडत रडत सांगत होती, तिला सांगून मन हलकं करायचं होतं. "वयनी, लय तरास देल्ला तिनं. तिले काई झालं नाई, तिले आणा, हेच. हात लावला का ओरडे. मग भाऊ तुह्याकडून आला, तवा मी तिले म्हटलं, माय, वयनीनंच सांगतलं का तुझं डोकं ठिकाणावर नाई. तवा चूप झाली. तोंड भिंतीकडं केलं अन् मग बदलू देल्लं. त्याच्यानंतर बोललीच नाई."

मी तिला थोपटत होते. माझा हात तिच्या पाठीवर फिरत होता, हे आठवतं. तो थांबला नाही.

पुढचंही लिहिते, कारण ते लपवलं तर पुन्हा तेच होईल. दोन वर्षांनी उपकेंद्रात नवीन नर्सबाई आली. तिने बायांना बसवलं आणि सरळ विचारलं, खोकताना, शिंकताना कुणाचे कपडे ओले होतात? कुणीच हात वर केला नाही. मग तिने एकेकीला आत बोलावलं. मी आत गेले, तिने दार लोटलं आणि मी हो म्हणाले. एवढंच. तिने तोंड वाकडं केलं नाही. म्हणाली, तुझ्या आधी आत आलेल्या बाईनेही हेच सांगितलं. तपासून म्हणाली, अंग थोडं खाली उतरलं आहे, घाबरू नको. तिने शिकवलं — लघवी अडवतो तसं आतून आवळायचं, वर ओढायचं, मनात पाच मोजायचे, सैल सोडायचं. श्वास कोंडायचा नाही. दिवसातून तीनदा, झोपून, बसून, उभ्याने. ओझं उचलायच्या आधी आवळायचं, मग उचलायचं. पाणी तोडायचं नाही. सवयीने उगाच झुडपामागे जायचं नाही, थोडं थोडं थांबायला शिकायचं. तीन-चार महिन्यांत फरक पडला. ओझं लटकल्यासारखं अजून वाटतं, दिवसभर उभी राहिले की. पण फडकी लागत नाहीत. आता मी खोकते आणि कोरडी राहते.

भाताला पाणी ठेवावं तसं सोपं होतं. मी चुलीसमोर बसून आवळते, मोजते, आणि पाचच्या ठिकाणी कधी कधी तिची खाट दिसते.

मला कुणी शिकवलं नव्हतं, मी भ्यायलेली होते, माझं वय कमी होतं — ही कारणं मी लिहिणार नाही. दवाखान्यात हो म्हणता आलं. कुंपणापाशी आलं नाही.

आणि ते संपलेलं नाही. आमच्या घरी पाहुणे जमले, हसणं-बोलणं सुरू झालं की आत्याच्या गोष्टी निघतात. तिचं अत्तराचं बोलणं निघतं. मग शेवटची गोष्ट निघते. माझा मुलगा, जो तेव्हा लहान होता, तोच आता सांगतो, आत्याचा आवाज काढून. "आजी तर शेवटी पार बरळाले लागली होती! मायचा विटाळ मोजून राह्यली होती खाटेवरून!" सगळे हसतात. नवरा म्हणतो, बुढी म्हणजे बुढीच होती. यंदा होळीला नणंद आली होती, तेव्हाही निघाली. मुलीने मला विचारलं, "माय, खरंच का वो आजीचं डोकं गेलं होतं?" सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणाले, हो. म्हातारपणी होतं तसं.

आणि हसले. आता मला हसता येतं.

तिचं डोकं गेलं नव्हतं. तिला दिवस बरोबर आठवत होते, माणूस बरोबर आठवत होतं. दहा जणांसमोर ती जे बोलली त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. मला काही झालं नव्हतं.